हातभर अंतराचा रकाना

आमच्या वहिनीला "साधारण" हा शब्द चालत नाही. साधारण किती, असं ती लगेच विचारते. बस साधारण वेळेवर आली, ताप साधारण उतरला, असं काहीही तिच्यासमोर बोलून बघा. माझ्यासारख्या अघळपघळ माणसाला हा जाच वाटतो आणि मी तसं तिला तोंडावर सांगतोही. पण लग्नाआधी ती बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. समोरून बाटल्या सरकत यायच्या, मागे दिवा असायचा, तडा दिसला की बाटली बाजूला. तडा दिसतो बाटलीच्या गळ्याशी पण पडतो भट्टीत, हे ती तिथे शिकली. दिसला तिथेच शोधत बसणाऱ्याला तो कधी सापडत नाही, असं ती आम्हाला ऐकवते, आणि ऐकवताना माझ्याकडेच बघते.

आम्ही तिघंही एकाच गोल्फच्या मैदानावर पोट भरतो. नऊ होलचं छोटं मैदान, कोणीही तिकीट काढून खेळावं असं. माझा मोठा भाऊ तिथलं गवत सांभाळतो आणि रोज सकाळी ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, नवी होल कापतो. चेंडू ज्यात घालायचा ते होल एकाच जागी राहिलं तर भोवतालचं गवत मरतं, म्हणून ते रोज हलवावं लागतं. मी सरावाच्या जागेपाशी काउंटरवर बसून चेंडूंच्या बादल्या देतो. वहिनी दादाचा डबा घेऊन यायची, ती हळूहळू खेळायला लागली आणि पुढे शिकवायलाच लागली. पन्नाशीनंतर खेळायला येणारी माणसं हा तिचा खास प्रांत. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला लोकांसमोर फटका चुकला की मेल्याहून मेल्यासारखं होतं. अशांना ती सरावाच्या शेवटच्या चटईवर, भिंतीच्या आडोशाला उभं करायची आणि हलक्या आवाजात सांगायची. ती माणसं तिच्यावर जीव टाकायची. ती त्यांच्यावर टाकायची ते मात्र आम्हाला नंतर कळलं.

मग नियम आला. नव्या हंगामापासून शिकवायचं असेल तर कार्ड हवं. कार्डासाठी एक लेखी पेपर होता, तो तिने सहज सोडवला. आणि एक खेळून दाखवायची परीक्षा होती: नऊ होल दोनदा खेळायची, सगळे मिळून शहाऐंशी फटके किंवा त्याहून कमी. तीन संधी, नंतर दार बंद. कार्ड नसेल तर वहिनी माझ्या शेजारी काउंटरवर बसेल आणि तिच्या माणसांना दुसरा कोणीतरी शिकवेल, असं व्यवस्थापकाने स्वच्छ सांगून टाकलं होतं. दुसरा कोण तेही ठरलं होतं.

पहिल्या संधीत तिचे एक्क्याण्णव झाले. मैदानावर सल्ला देणाऱ्यांना तोटा नाही. सगळ्यांचं एकमत पडलं की बाईंचा पहिला फटका लांब जात नाही. दादाचंही तेच. मग ती मनगट सुजेपर्यंत लांब फटके मारत बसली. दुसऱ्या संधीत एकोणनव्वद. त्या दिवशी घरी येऊन तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर एक मोठा कागद चिकटवला आणि पट्टीने त्यावर रकाने आखले.

तेव्हापासून प्रत्येक खेळाचा प्रत्येक फटका त्या कागदावर जायला लागला. पहिला फटका कुठे पडला, ग्रीनवर पोचायला किती लागले, ग्रीनवर किती, आणि प्रत्येक पट, म्हणजे ग्रीनवरचा तो हलका घरंगळता फटका, किती अंतरावरून. मला पातेलं काढायचं असलं तरी कागदाला धक्का लावायची चोरी. मी म्हटलं, वहिनी, याच्यापेक्षा नवस बोललेला बरा. ती म्हणाली, "बोला तुम्ही. मी मोजते."

दीडेक महिन्यात कागद बोलायला लागला. तिचा पहिला फटका लांब नव्हता, पण सरळ होता, आणि त्याने तिचं फारसं काही जात नव्हतं. जात होतं ते ग्रीनपासून ऐंशी पावलांवर. तिथून तिचा चेंडू दहापैकी सात वेळा कमी पडायचा आणि समोरच्या वाळूच्या खड्ड्यात जायचा. ती तिथून जो क्लब, म्हणजे जी काठी, घ्यायची तो एका खेळात कधीतरी अगदी उत्तम लागला होता, आणि तेवढं एकच डोक्यात धरून ती वर्षानुवर्षं तोच घेत होती. तिने त्याच्याऐवजी एक मोठा, चेंडू जास्त लांब नेणारा क्लब घ्यायला सुरुवात केली. बस्स, एवढंच. मनगट सुजवून जे झालं नव्हतं ते यातून झालं. चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी. घरात हसणं-बोलणं परत आलं, आणि कार्डाची फ्रेम कुठे टांगायची यावरून मी आणि दादा भांडायलाही लागलो.

परीक्षेला आठवडा राहिला होता. मी चहा गाळत होतो आणि वहिनी कागदासमोर पेन्सिल घेऊन बेरजा करत होती. ती थांबली. मी वळून बघितलं. तिचं बोट एका रकान्यावर होतं: हातभर अंतराचे पट. सगळ्या रकान्यात बरोबरच्या खुणा, एकही फुली नाही.

मी म्हटलं, मग चांगलंच आहे की.

"एकही नाही चुकला, भाऊजी? असं कोणाचं असतं?" ती खाली बसली. "मी यातला एकही मारलेला नाही."

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण ते आमच्या मैदानाबाहेरच्या माणसाला पटायचं नाही. वहिनी दर गुरुवारी एका ठरलेल्या टोळीबरोबर खेळते. एक डॉक्टरीणबाई, एक वकील, आणि एक निवृत्त वायरमन, त्याला सगळे रेडिओ म्हणतात कारण तो बंद होत नाही. या टोळीत, खरं तर साऱ्या मैदानावरच, रीत अशी की चेंडू होलपासून हातभर आला की बाकीचे म्हणतात, "उचला." मारायचा नाही, उचलायचा, गेला असं धरून एक फटका लिहायचा. हा शिष्टाचार आहे. एकदा रेडिओने डॉक्टरीणबाईंना उचला म्हटलं नाही, तर टोळी त्याच्याशी पंधरा दिवस नीट बोलत नव्हती. ही रीत आमच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तो पट मारलेला नाही हे कोणाच्या लक्षातच राहत नाही. वहिनीच्याही राहिलं नव्हतं. तिने इमानेइतबारे खूण केली होती. परीक्षेत मात्र चेंडू होलात पडेपर्यंत मारावा लागतो. आधीच्या दोन परीक्षांत तिचे हातभरावरून पट चुकले होते, पण ते तिने "घाबरले होते" या नावाखाली टाकून दिले होते.

"न तपासलेल्या बाटल्या मी पास म्हणून मोजल्या," ती म्हणाली. चहा तसाच राहिला.

त्याच संध्याकाळी सरावाच्या ग्रीनवर तिने हातभरावरून होलाच्या चारी बाजूंनी पट मारले. चारातला एक चुकत होता. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशी जरा वाईटच. बघवत नव्हतं. एवढ्याशा अंतरावरून चेंडू होलाच्या कडेला चाटून बाहेर पडायचा आणि वहिनीच्या मानेची शीर ताठ व्हायची. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला की हे तिला कळलं नसतं तर बरं झालं असतं, बेधडक मारून आली असती. मी त्याच्यावर उखडलो. मागच्या दोन वेळेला कळलेलं नव्हतंच की, तेव्हा काय दिवे लावले? दादा पाण्याचा पाइप गुंडाळायला लागला.

वहिनीने मात्र त्या फुल्याही कागदावर चढवल्या, आणि चौथ्या दिवशी तिला त्यात काहीतरी दिसलं. होलाच्या वरच्या बाजूने, म्हणजे उतारावरून मारलेले हातभराचे पट तिचे दहातले चार चुकत होते. खालच्या बाजूने, चढावर मारलेले, हातभराहून लांब, अगदी एका पावलाच्या अंतरावरून, दहातले नऊ जात होते. म्हणजे होलापासून कमी अंतरावर पण वर असण्यापेक्षा जास्त अंतरावर पण खाली असलेलं बरं. लांबचा पट होलात घालायचा हव्यास सोडायचा आणि चेंडू खालच्या अंगाला थांबवायचा. तिने हिशेब मांडला: असं खेळलं तर पंच्याऐंशी. एका फटक्याची जागा. तिचं कपाळ त्या दिवसांत सतत आठ्यांचं असायचं, आणि जेवताना ती काय जेवते आहे हे तिला सांगावं लागायचं.

घरात आणखी एक गोष्ट होती जी कोणी बोलत नव्हतं. परीक्षेच्या सकाळी होल कापणार होता दादा. आमच्यासारख्या लहान मैदानावर ती कुठे कापायची हे गवतवालाच ठरवतो. शेवटच्या ग्रीनला मधोमध चांगलाच उतार आहे आणि डावीकडे एक सपाट तुकडा आहे. होल फिरवायची दादाची एक पाळी ठरलेली असते, पण ती त्याच्या डोक्यात असते. बदलली तर कोणाला पत्ता लागणार नव्हता.

आदल्या दिवशी जेवताना मी ते बोलून टाकलं. म्हटलं, दादा, उद्या शेवटचं होल सपाटीवर काप.

वहिनीने चमचा खाली ठेवला. "पाळी असेल तिथेच कापा," ती दादाला म्हणाली. "आणि कुठे ते मला सांगू नका."

"अगं, पाळी उद्या नेमकी—" दादा सांगायला लागला.

"सांगू नका म्हटलं ना."

नंतर भांडी घासताना दादाच्या हातून एक ताटली फुटली.

सकाळी परीक्षेला चौघं होते. मी वहिनीची बॅग उचलली. बॅग उचलणाऱ्याला परीक्षेत चकार शब्द बोलता येत नाही. काही सुचवलं तर खेळणाऱ्याचेच फटके वाढतात. मला गप्प बसवायचं म्हणजे काय ते घरच्यांना विचारा. मी खिशातला रुमाल पिळत चालत होतो. परीक्षक म्हणून एक सौम्य बोलणारे गृहस्थ होते, ते प्रत्येक होलानंतर आकडा मोठ्याने विचारून लिहून घ्यायचे.

पहिल्याच ग्रीनवर वहिनीचा चेंडू होलापासून हातभरावर थांबला आणि ती सवयीने पुढे झाली, वाकली, तिचा हात चेंडूपर्यंत गेला. मी डोळे मिटले. उचलला असता तर परीक्षा तिथेच संपली होती. डोळे उघडले तेव्हा ती तशीच वाकलेली होती, बोटं चेंडूपासून वीतभर. मग ती सरळ उभी राहिली, हात कपड्याला पुसला आणि पट मारला. गेला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेच बरं झालं.

पहिली नऊ होल त्रेचाळीसमध्ये झाली. ऐंशी पावलांवरून मोठा क्लब आपलं काम चोख करत होता, वाळूत ती एकदाही गेली नाही. पण दुसऱ्या फेरीत दोन हातभराचे पट चुकले, दोन्ही वरून. तिथे खाली थांबायला जागाच नव्हती. दुसरा चुकल्यावर तिचे ओठ पांढरे पडलेले मी बघितले. शेजारी खेळणारा परीक्षार्थी, चांगला माणूस होता, म्हणाला, होतं असं. वहिनी म्हणाली, "हो, चारात एकदा." त्याला काय कळणार.

शेवटच्या होलाला आलो तेव्हा ब्याऐंशी झाले होते. चारात संपवलं तर कार्ड. पाचात संपवलं तर माझ्या शेजारी काउंटर. पहिला फटका सरळ, दुसरा ग्रीनच्या पुढच्या कडेवर. आणि वर बघतो तर झेंडा मधोमध, उतारावर. दादाने पाळी मोडली नव्हती. दादा लांब, होल कापायचा कटर ठेवतात त्या शेडपाशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता.

तिसरा फटका म्हणजे तो लांबचा पट, खालून वर. जोरात मारला तर होलाच्या पलीकडे जाऊन वर थांबणार. ती बराच वेळ चेंडूमागे बसली, मग उठली, आणि चेंडू हळूच ढकलला. तो चढत गेला आणि होलाच्या अलीकडे, पाऊलभर खाली थांबला. शेजारचा परीक्षार्थी हळहळला, त्याला वाटलं कमी पडला. मला माहीत होतं की तो तिला हवा तिथेच थांबला होता. खालून, पाऊलभर. दहातले नऊ.

ती उभी राहिली. घाई केली नाही, उशीर केला नाही. फटकाही बरोबर बसला. मागून मला चेंडूची रेघ दिसत होती आणि ती होलाच्या मधोमध होती. अगदी शेवटी चेंडू जरासा डगमगला, डावी कड धरून अर्धं वर्तुळ फिरला आणि बाहेर येऊन थांबला.

तिने उरलेला पट मारून चेंडू होलात घातला, परीक्षकांनी आकडा विचारला, आणि तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "पाच." त्यांनी बेरीज दोनदा केली. सत्त्याऐंशी. त्यांनी हात पुढे केला, तो तिने नीट हातात घेतला आणि सही केली.

शेडच्या मागे एक बाक आहे, तिथे आम्ही बसलो. दादा आला आणि उभाच राहिला. हातातली टोपी गोल फिरवत तो म्हणाला, "चार पावलं डावीकडे सपाट होतं. सकाळी कटर घेऊन मी तिथे उभा राहिलो होतो."

"कापलं असतंत तर मी जन्मात तुमच्याशी बोलले नसते," वहिनी म्हणाली. तिने बॅगेतून कागदाची घडी आणि पेन्सिल काढली, पट लिहिला, फुली मारली. "खालून थांबवला ते बरोबर होतं, भाऊजी. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तिथेच थांबवेन. नऊ जातात, एक जात नाही. तो एक होता."

तिचा आवाज इतका शांत होता की मला तिचा रागच आला. मी दादावर, नियमावर, रेडिओवर, उचला म्हणणाऱ्या सगळ्या शहाण्यांवर तोंडसुख घेतलं. मैदानावरचे लोक बघत होते, बघू देत. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. पेन्सिल तिच्या बोटांत तशीच होती.

मग ती दादाकडे वळली. "पण तो आजच का यायचा होता, अहो?"

गवतावरच्या कुठल्याही रोगाचं कारण दादा सांगू शकतो. याचं त्याला सांगता आलं नाही. तो तिच्याजवळ बसला, आणि वहिनी जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर, तोंड न झाकता रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

नव्या हंगामात ती काउंटरवर आली. आता आम्ही दोघं बादल्या देतो. नवा शिक्षक तरुण आहे, कार्डवाला आहे. मी त्याच्यात खोट शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. मुलगा चांगला निघाला, त्यामुळे माझी जास्तच चिडचिड होते. वहिनीला शिकवायची सक्त मनाई आहे, एक शब्दही सांगायचा नाही, आणि ती तो नियम पाळते, कारण ती तसलीच आहे.

परवा डॉक्टरीणबाई सरळ काउंटरवर आल्या. त्यांचे चेंडू महिनाभर ग्रीनपर्यंत पोचत नव्हते. त्यांनी वहिनीलाच विचारलं, काय चुकतंय माझं? वहिनीने तोंड उघडलं. शिक्षक जवळच्याच चटईवर एकाला शिकवत होता. तिने तोंड मिटलं आणि बादली पुढे सरकवली.

"यात पन्नास आहेत, बाई. किती कमी पडतात तेवढं मोजून या."

डॉक्टरीणबाई गेल्या आणि प्रामाणिकपणे मोजून आल्या. एकतीस, म्हणाल्या, आणि वहिनीच्या तोंडाकडे बघत थांबल्या. एक मोठा क्लब घ्या, एवढंच सांगायचं होतं. तिला माहीत होतं, मला माहीत होतं.

"मग हे सरांना सांगा," वहिनी म्हणाली. "एकतीस कमी पडले म्हणावं. पुढचं ते सांगतील."

बाई गेल्या. वहिनी वळली आणि सकाळी धुऊन ठेवलेले चेंडू पुन्हा धुवायला लागली.